हयातीचा दाखला

नोव्हेंबर लागला की आम्ही औशाला येतो,
मी जिवंत आहे हे बँकेला सांगायला.
लिंबाखाली गाडी लावून मन्मथअप्पा
मागच्या चाकाला वीट लावतात.
एसटीच्या वर्कशॉपात जन्मभर हँडब्रेक दुरुस्त केले,
म्हणूनच हँडब्रेकवर त्यांचा विश्वास नाही.

गाडी म्हणजे एका शाळेची मोडीत निघालेली बस.
बाकं काढून पलंग टाकला,
शेगडी, तवा, काळ्या तिखटाची बरणी,
खिडकीला टांगलेल्या दुरडीत लसूण.
एक बाक मात्र मी काढू दिलं नाही.
घर विकलं तेव्हा रडले नव्हते,
त्या बाकासाठी भांडले.

रांगेतले ओळखीचे विचारतात,
"बाई, कुठं हिंडालाव आता?"
काय सांगू?
गौताळ्यात आठ दिवस धुकं होतं आणि काड्यापेटी ओली.
ताडोब्यात वाघ दिसला नाही;
सगळे झाडीत बघत होते
आणि अप्पा जिप्सीखाली वाकून ड्रायव्हरला म्हणाले,
"तुझं ऑइल गळालंय, बाबा."

एकतीस वर्षं मी फळ्यावर किनारपट्टी काढली.
निळा खडू पेटीत नसायचाच,
माझा समुद्र पांढरा.
पोरं विचारायची, "केवढा असतो, बाई?"
मी म्हणायची, जायकवाडीच्या कितीतरी पट.
जायकवाडी तरी कुठं बघितली होती मी.

मग रत्नागिरीच्या अलीकडं एका वळणावर
तो एकदम सगळाच आला.
अप्पांनी गाडी थांबवली, खाली उतरले, बराच वेळ गप्प.
आमच्या गल्लीत त्या साली
पाण्याच्या टाक्यांना कुलपं होती,
आमच्या टाकीची किल्ली त्यांच्या करगोट्याला.
त्यांचा हात नकळत कमरेकडं गेला.
"हे असं उघडंच ठेवलंय व्हय सगळं?"
एवढंच म्हणाले.

गाडीची टाकी शंभर लिटरची.
पुण्याचं एक जोडपं भेटलं, गाडी कशी, बंगलाच,
तिसऱ्या दिवशी त्यांचं पाणी संपलं.
आमचं नवव्या दिवशी.
बाईनं युक्ती विचारली.
तांदळाच्या धुवणात भांडी, भांड्यांचं पाणी पुदिन्याला,
असलं काही सांगितलं.
लातूरची शिकवणी तिला कुठून सांगणार.

भीतीही वाटते, नाही असं नाही.
मालवणच्या पुढं एका रात्री अप्पांची छाती दुखली.
फोनवरची मुलगी म्हणाली, "पत्ता सांगा."
मी म्हटलं, डाव्या हाताला समुद्र आहे.
ती म्हणाली, "अजून काही?"
अंधारात मला अजून काहीच दिसेना.
निघाला गॅस.
पण पहाटेपर्यंत मी त्यांच्या बनियनचं टोक मुठीत धरून होते,
हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.

खिडकीत तबस्सुम, माझी विद्यार्थिनी,
भागाकारात कच्ची, अक्षर मोत्यासारखं.
मशीन माझा अंगठा घेईना.
"पुसून लावा, बाई. परत. डावा बघू.
बाई, तुम्ही येईनात की."
पाचव्यांदा आले.
मग फॉर्मवर बोट ठेवून, हळू आवाजात:
"कायमचा पत्ता काय टाकू?"
"जुनाच टाक," मी म्हटलं.
तिथं आता झेरॉक्सचं दुकान आहे.

जेवणाच्या सुट्टीत ती डबा घेऊन गाडीत आली,
सरळ बाकावर बसली, खिडकीशी.
समोर बँकेची भिंत, भिंतीवर पानाची पिंक.
डबा काही उघडला नाही.
"निघत नाही का ही?" म्हणाली, "थोडी?"

अप्पांनी वीट काढली.
किल्ल्याला एक फेरी, बस, सावकाश दुसऱ्या गिअरमध्ये,
खंदकाच्या कडेनं.
तिची ओढणी खिडकीबाहेर गेली, तिनं आत घेतली नाही.
कुणीच काही बोललं नाही,
लसणाची दुरडी तेवढी हलत होती.

परत आलो तर
वीट कुणीतरी नेलेली.